गुण समान झाले तर वर कोण? आयएसएलचा तक्ता फळ्यावर मांडताना

फळा_गिरगाव

नमस्कार मंडळी. मंडळाच्या फळ्यावर आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीग फुटबॉलचा, गुणतक्ता दर आठवड्याला खडूने मांडायचा असतो. क्रिकेटच्या सवयीने इथे सगळ्यांना नेट रनरेट पाठ, म्हणून फुटबॉलमध्येही गुण सारखे झाले की गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) बघायचा असंच धरून चालतात. पण २०२४-२५ चा शेवटचा तक्ता तसा लावून बघा. बेंगळुरू एफसी, नॉर्थईस्ट युनायटेड आणि जमशेदपूर तिघांचे ३८-३८ गुण. गोलफरक नॉर्थईस्टचा सगळ्यात चांगला, तरी तिसरं बेंगळुरू आणि चौथं नॉर्थईस्ट. हे कसं?

जोडीला आणखी तीन शंका आहेत. साखळीत पहिला येऊन शील्ड जिंकणारा आणि बाद फेरीत कप जिंकणारा वेगळा असेल तर फळ्यावर ‘विजेता’ कोणाला लिहायचं? पिवळ्या कार्डांचा हिशेब किती ठेवायचा? आणि मुंबईचे जुने संघ, महिंद्रा, एअर इंडिया, मुंबई एफसी, यांची कामगिरी मुंबई सिटीच्या खाली लिहिली तर ते बरोबर होईल का? जाणकारांनी नीट सांगावं. इथे शाळकरी मुलं वाचतात, चुकीचं लिहिलेलं डोक्यात बसतं.

नेरूळकर

पहिल्या शंकेपासून घेतो.

२०२४-२५ पर्यंत आयएसएलमध्ये गुण समान झाले की आधी आपसातले सामने बघत. त्या दोघांच्या दोन सामन्यांत जास्त गुण कोणी घेतले ते पहिलं. तिथेही बरोबरी असेल तर त्याच दोन सामन्यांतला गोलफरक. पूर्ण हंगामाचा गोलफरक त्यानंतर येई. बेंगळुरू वर गेलं ते याच क्रमामुळे. तुमच्या फळ्यावर जमशेदपूरची ओळ असेल तर तीही बारकाईने बघा: २४ सामन्यांत १२ विजय, २ बरोबऱ्या, १० पराभव. बेंगळुरूचे विजय ११, नॉर्थईस्टचे १०. म्हणजे तिघांत सर्वाधिक विजय असलेला संघ पाचवा आला, आणि त्याचा गोलफरक तर वजा होता. ‘जास्त विजय तो वर’ हाही कट्ट्यावरचा गैरसमज आहे.

तिघे समान असतील तेव्हा घाई करू नका. तीन जोड्या, प्रत्येक जोडीचे दोन सामने, असे सहा निकाल बाजूला एका कागदावर काढा आणि मग त्या हंगामाची नियमावली शब्द न् शब्द वाचा. नियमावली दर हंगामाला नव्याने निघते, मागच्या वर्षीचा क्रम पाठ म्हणून यंदा तोच लावायचा नाही.

आणखी एक खाचखळगा. आपसातला हिशेब दोन्ही सामने झाल्यावरच पूर्ण होतो. हंगामाच्या मध्यावर एकच सामना झालेला असतो, तेव्हा तक्ता गोलफरकाने लावलेला दिसतो. मधल्या आठवड्यांत फळ्यावर गोलफरक लिहायला हरकत नाही, पण ज्या जोडीचे दोन्ही सामने उरकले तिच्यापुढे छोटी फुली करून ठेवा. मार्चमध्ये शोधत बसावं लागणार नाही.

आता शेवटच्या दिवसाचं गणित, कारण गर्दी तेव्हाच जमते. मुंबई सिटी आणि कोलकात्याचा तोच संघ, मोहन बागान (आधी नाव एटीके मोहन बागान), दोनदा शेवटच्या साखळी सामन्यात समोरासमोर आले, दोन्ही वेळा शील्ड पणाला होती, आणि दोन्ही वेळचं गणित वेगळं होतं.

२८ फेब्रुवारी २०२१, गोव्यातलं बांबोळी. एटीके मोहन बागान ४०, मुंबई ३७. फरक ३ गुणांचा. मुंबई हरली किंवा बरोबरी झाली तर विषय संपला. जिंकली तर दोघे ४० वर, मग आपसातला निकाल. ११ जानेवारीला पहिला सामना मुंबईने १-० घेतलेला होता, त्यामुळे दुसरा कितीही फरकाने जिंकला तरी आपसात ६ विरुद्ध ०. मुर्तदा फॉल आणि ओगबेचेच्या गोलांवर २-० झालं आणि शील्ड आली. मजा अशी की गोलफरकही मुंबईचाच चांगला होता, चार दिवस आधी ओडिशाला ६-१ हरवल्यामुळे. म्हणून त्या वर्षी ज्यांनी चुकीच्या नियमाने तक्ता लावला त्यांचंही उत्तर बरोबर आलं, आणि गोलफरकाचा गैरसमज तसाच पक्का होत गेला.

१५ एप्रिल २०२४, कोलकात्याचं सॉल्ट लेक. मुंबई ४७, मोहन बागान सुपर जायंट ४५. फरक २ गुणांचा. इथे समान गुण होण्याची शक्यताच नव्हती. बरोबरी झाली तर ४८-४६, मुंबई वर. बागान जिंकला तर ४८-४७, बागान वर. म्हणजे आपसातला निकाल, गोलफरक, काहीही बघायची गरज नाही. २-१ ने बागान जिंकला, मुंबईची शील्ड एका गुणाने गेली.

यातून फळ्यासाठी कामाची गोष्ट: समोरासमोरच्या शेवटच्या सामन्याआधी फरक १ किंवा २ असेल तर गुण समान होऊच शकत नाहीत. फरक ३ असेल आणि मागचा संघ जिंकला, तरच समान. आधीच समान असतील तर बरोबरीतही समान राहतात. एवढं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, अर्धे वाद मिटतील.

डावा_बॅक

नेरूळकरांनी छान मांडलंय. मी विजेत्याचं सांगतो, आणि इथे माझं मत ठाम आहे.

शील्ड म्हणजे साखळी फेरीत पहिला आलेला संघ. कप म्हणजे त्यानंतरचे बाद सामने जिंकणारा. ही शील्ड २०१९-२० पासून आहे आणि पहिली एफसी गोवाने १८ सामन्यांत ३९ गुणांनी घेतली. त्याच जोरावर गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. आशियाची जागा शील्डच्या मागे जात होती, कपच्या नाही.

शील्ड नव्हती तेव्हा काय व्हायचं ते मुंबईकरांना चांगलं ठाऊक असायला हवं. २०१६ मध्ये उरुग्वेचा फोर्लान खेळत होता तो मुंबई सिटीचा संघ १४ सामन्यांत २३ गुणांनी तक्त्यात पहिला आला. हातात काय पडलं? काहीही नाही. उपांत्य फेरीत कोलकात्याच्या एटीकेकडून ३-२ अशा एकूण गोलांनी बाहेर. त्या संघाचं नाव कोणत्याही विजेत्यांच्या यादीत नाही.

म्हणून फळ्यावर ‘साखळी विजेता’ आणि ‘कप विजेता’ असे दोन रकाने करा. एकाच रकान्यात दोन्ही घालू नका. मुंबई सिटीचं असं होतं: २०२०-२१ शील्ड आणि कप दोन्ही, २०२२-२३ फक्त शील्ड, २०२३-२४ फक्त कप. तिन्ही हंगाम एका ‘विजेता’ शब्दाखाली लिहिले तर २०२२-२३ चं महत्त्व कोणाला कळणारच नाही, आणि माझ्या मते या क्लबचा सर्वोत्तम हंगाम तोच आहे. प्रशिक्षक डेस बकिंगहॅमच्या संघाने पहिले १८ सामने एकही न हरता काढले, २० सामन्यांत ५४ गोल केले, ४६ गुण घेतले. छांगतेला त्याच हंगामात गोल्डन बॉल, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाला. मग उपांत्य फेरीत बेंगळुरूने पेनल्टीवर ९-८ असं बाहेर काढलं. एका रात्रीच्या पेनल्टीमुळे वीस सामन्यांचं काम पुसलं जाऊ नये.

हंगामांची तुलना करताना मात्र नुसते गुण लिहू नका, सामन्यांची संख्या बदलत गेली आहे. संघ वाढले तसे सामने १८ वरून २०, मग २२, मग २४ झाले. सरासरी काढा. गोवा २०१९-२०: ३९ भागिले १८, म्हणजे २.१७. मुंबई २०२०-२१: २.००. जमशेदपूर २०२१-२२: ४३ भागिले २०, २.१५. मुंबई २०२२-२३: २.३०. बागान २०२३-२४: ४८ भागिले २२, २.१८. बागान २०२४-२५: ५६ भागिले २४, २.३३. नुसतं ५६ आणि ४६ बघितलं तर दहा गुणांची दरी वाटते, सरासरीत ती जवळजवळ नाहीशी होते.

बाद फेरीचा आराखडाही एका ओळीत लिहून ठेवा: २०२२-२३ ते २०२४-२५ पहिले सहा पुढे जात. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत. तिसरा विरुद्ध सहावा, चौथा विरुद्ध पाचवा, एकेकच सामना, वरच्या क्रमांकाच्या घरी. उपांत्य फेरी दोन सामन्यांची आणि परतीचा सामना वरच्या संघाच्या घरी. बेंगळुरूला तिसरं स्थान मिळालं याचा अर्थ सहाव्याशी घरच्या मैदानावर गाठ. तो सहावा संघ म्हणजे मुंबईच होती, २९ मार्च २०२५ ला ५-० हरली. अठरा दिवस आधी त्याच कांतीरवा मैदानावर, त्याच बेंगळुरूला मुंबईने २-० हरवून सहावी जागा पक्की केली होती.

स्टॉपर_ताई

कार्डांचं मी सांगते. बहुतेक तक्त्यांत हा रकाना नसतोच आणि मग पुढच्या सामन्याचा संघ बघून लोक गोंधळतात, ‘अमका का नाही?’

आयएसएलमध्ये साखळीत चार पिवळी जमली की पुढचा एक सामना बाहेर. म्हणून तिसऱ्या पिवळ्यावर असलेल्यांचीच नावं फळ्यावर लिहा, सगळ्यांची नकोत. प्रत्येक संघात अशी दोन-चार नावं निघतात, ती बहुधा स्टॉपरची (मधल्या बचावपटूंची) आणि बचावासमोर खेळणाऱ्या हाफची असतात, कारण प्रतिहल्ला तोडायला शर्ट ओढायची वेळ त्यांच्यावरच येते. लाल कार्ड, थेट असो की दुसऱ्या पिवळ्याने, पुढचा सामना आपोआप जातो. शिस्त समितीने ठरवलं तर शिक्षा वाढते.

एकाच सामन्याचं उदाहरण घ्या. २० डिसेंबर २०२३, अंधेरी, मुंबई सिटी विरुद्ध मोहन बागान. मुंबई २-१ जिंकली, पण सात लाल कार्डं निघाली. मुंबईचे चार: आकाश मिश्रा, ग्रेग स्टुअर्ट, विक्रम प्रताप सिंग, राहुल भेके. बागानचे तीन: आशिष राय, लिस्टन कोलासो, हेक्टर युस्ते. तीन गुण मुंबईचे, पण हिशेब पुढच्या सामन्यात चुकता झाला. चारच दिवसांनी कोचीत मुंबई केरळ ब्लास्टर्सकडून ०-२ हरली. बागान तर आदल्याच दिवशी घरी गोव्याकडून १-४ हरला होता.

यात कोण बाहेर गेलं हे बघणं महत्त्वाचं, किती गेले हे नाही. २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू चालतात. २०१७-१८ पासून पाच होते, त्याआधी सहा. क्लबकडे परदेशी चारपेक्षा जास्त असतात, त्यामुळे एक परदेशी बाहेर गेला तर बाकावरचा दुसरा आत येतो. स्टुअर्टची जागा तशी भरता आली असती. पण भेके मधला बचावपटू, आकाश मिश्रा डावा बॅक, दोघेही भारतीय. या जागांवर तेवढ्याच तोडीचा दुसरा भारतीय खेळाडू फार थोड्या संघांकडे असतो. एका फळीतले दोन एकदम गेले की उरलेल्यांना कोणी कुठे सरकायचं हेच नव्याने जमवावं लागतं, आणि मध्ये सराव जेमतेम दोन दिवसांचा. म्हणून नावापुढे जागा लिहा: ‘भेके, मधला बचाव’. मुलांना पुढच्या निकालाचं कारण तिथेच दिसेल.

डावा_बॅक यांनी २०१६ चा उल्लेख केला, त्यातही कार्डाचाच भाग आहे. फोर्लान कोलकात्याच्या पहिल्या उपांत्य सामन्यात दुसऱ्या पिवळ्यावर बाहेर गेला. अंधेरीच्या परतीच्या सामन्यात एक गोल हवा होता आणि तो मैदानावर नव्हता. ०-० सुटला.

कूपरेज_गेट

जुन्या संघांची कामगिरी मुंबई सिटीच्या नावाखाली अजिबात लिहू नका. ते वेगळे क्लब, वेगळे मालक, वेगळी स्पर्धा. पण फळ्यावर जागा जरूर द्या, स्वतंत्र चौकट करा: ‘राष्ट्रीय लीगमधली मुंबई’.

चौकटीचे तीन टप्पे. नॅशनल फुटबॉल लीग १९९६-९७ ते २००६-०७, पहिला विजेता फगवाड्याचा जेसीटी. २००७-०८ पासून आय-लीग, पहिला विजेता धेंपो. २०१४ पासून आयएसएल, सुरुवातीला शेजारी चालणारी. २०२२-२३ पासून आयएसएल हीच पहिली पायरी आणि आय-लीग दुसरी झाली, तिचा विजेता वर येऊ लागला. त्याच वाटेने पंजाब एफसी आला आणि पाठोपाठ मोहम्मेडन.

मुंबईचं पहिलं राष्ट्रीय लीग विजेतेपद महिंद्रा युनायटेडचं, २००५-०६, प्रशिक्षक डेरिक परेरा. हे ठळक लिहा. त्यानंतर मुंबईला साखळीत पहिलं यायला २०१६ आणि करंडक हातात यायला २०२१ उजाडलं. महिंद्राने २०१० मध्ये संघ बंद केला. मुंबई एफसी २००७ मध्ये सुरू झाला, २०१६-१७ मध्ये आय-लीगच्या तळाला जाऊन खाली गेला. त्याच हंगामात अनेक वर्षं मुंबई एफसीला सांभाळणारे खालिद जमील मिझोरमला गेले होते आणि त्यांच्या आयझॉलने लीग जिंकली. २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. खेळाडू म्हणून महिंद्रा आणि एअर इंडियाकडून खेळलेला माणूस. शहराचा फुटबॉल नुसत्या क्लबच्या नावांनी मोजला तर असा माणूस यादीबाहेर राहतो. केंकरे एफसीही विसरू नका, २०२२-२३ ला कूपरेजवर आय-लीग खेळला तो हाच.

घरच्या मैदानाचा रकाना केलात तर जपून. मुंबई सिटी २०१४ आणि २०१५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर खेळली, २०१६ पासून अंधेरीच्या क्रीडासंकुलात. २०२०-२१ आणि २०२१-२२ करोनामुळे सगळे सामने गोव्यात, त्यामुळे त्या दोन हंगामांत ‘घर’ आणि ‘बाहेर’ असे आकडे काढायला जाऊ नका. आशियाई चॅम्पियन्स लीग २०२३-२४ चे घरचे सामने पुण्याला बालेवाडीत, फक्त अल-हिलालविरुद्धचा ६ नोव्हेंबरचा नेरूळला.

फळा_गिरगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. रकाने असे ठरवतोय: सामने, विजय, बरोबरी, पराभव, गोल केले, गोल खाल्ले, गुण, सरासरी. उजवीकडे तिसऱ्या पिवळ्यावरची नावं जागेसकट. खाली दोन चौकटी, साखळी विजेता आणि कप विजेता. कूपरेज_गेट साहेबांची चौकट वेगळी.

एक राहिलं. २०२३-२४ ला ४७ गुण घेणारी मुंबई पुढच्या हंगामात एकदम ३६ वर का आली, हे मुलं विचारतात. दोन ओळींत काय लिहू?

नेरूळकर

पहिली ओळ खेळाडूंची: लालेंगमाविया, म्हणजे आपुइया, मोहन बागानला गेला. पेरेरा दियाझ, नोगेरा आणि भेके बेंगळुरूला गेले. म्हणजे मधली फळी, गोल करणारा आणि बचावाचा खांब एकाच उन्हाळ्यात गेले, तेही थेट प्रतिस्पर्ध्यांकडे. दियाझ तर २०२४ च्या अंतिम सामन्यात सॉल्ट लेकवर बरोबरीचा गोल करणारा, ज्यावर पुढे बिपिन आणि व्होय्टुसने ३-१ केलं.

दुसरी ओळ बरोबरीची: ४७ गुणांच्या हंगामात १४ विजय, ५ बरोबऱ्या, ३ पराभव. ३६ च्या हंगामात दोन सामने जास्त खेळून ९ विजय, ९ बरोबऱ्या, ६ पराभव. पराभव तीनच वाढले. बरोबरी एक गुण देते म्हणून ती निरुपद्रवी वाटते, पण जिंकता आला असता असा प्रत्येक बरोबरीचा सामना दोन गुण खातो. नऊ बरोबऱ्यांत अठरा गुण. त्यातले अर्धे जरी विजयात बदलले असते तरी मुंबई तिसऱ्या जागेच्या वर असती.

स्टॉपर_ताई

नेरूळकर, अर्धे म्हणजे चार धरा, साडेचार सामने होत नाहीत. चार बरोबऱ्या विजयात बदलल्या तर आठ गुण वाढून ४४. दुसऱ्या आलेल्या गोव्याचे ४८ होते, म्हणजे तिसरी जागा, त्याच्या वर नाही. तिघे ३८ वाले मात्र मागे पडले असते आणि बाद फेरीचा पहिला सामना कांतीरवाऐवजी अंधेरीला झाला असता.

नेरूळकर

बरोबर ताई, तिसरीच. फळ्यावर ४४ लिहा आणि कंसात ‘४ बरोबऱ्या = ४ विजय धरून’ असं टाका, म्हणजे आकडा कुठून आला ते दिसेल.